'घरीच शिकवू तिला'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या पावसाळ्यात एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. नवीन पनवेलला राहणारं, दोघंही संगणकावर काम करणारी. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि मी त्याला आठवड्यातून एकदा मराठी कविता शिकवावी, अशी त्यांची इच्छा होती. चहा झाला, पाऊस झाला, राजकारण झालं. मग नवऱ्याने आवाज जरा खाली आणून विचारलं, "काका, हे बेकायदेशीर तर नाही ना?"

मी वकील नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण प्रश्न ऐकून मी बसलो होतो तिथून आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड माझी थोरली बहीण, आपा, तांदूळ निवडत होती. तिच्या हातांचा आवाज थांबला होता. का थांबला, ते पुढे सांगतो. आधी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे मला सापडलं तेवढं.

आपल्या देशात मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. या कायद्याचं दहावं कलम म्हणतं की, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे प्रत्येक आईबापाचं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास आईबापाला काय शिक्षा, ते लिहिलेलं नाही. आणि घरी शिकवलं तर चालेल की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या वतीने दाद मागितली गेली, तेव्हा केंद्र सरकारने २०१२ मध्ये आधी सांगितलं की, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. नंतर सरकारनेच ती भूमिका फिरवली. तेव्हा उत्तर असं की, गुन्हा म्हणावा तर शिक्षा नाही आणि हक्क म्हणावा तर कुठे लिहिलेला नाही.

पूर्वीचे कायदे असे मुके नव्हते. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यात मूल शाळेत न पाठवण्याची जी वाजवी कारणं दिली होती, त्यातलं एक असं की, मुलाला दुसऱ्या एखाद्या रीतीने पुरेसं शिक्षण मिळत आहे. तीच वाट पुढे आपल्याकडेही आली. १९६० च्या दिल्ली प्राथमिक शिक्षण कायद्यात दुसऱ्या रीतीने मिळणारं शिक्षण हे वाजवी कारण धरलं आहे, मात्र ते समाधानकारक आहे असं सरकारने किंवा सरकारच्या अधिकाऱ्याने ठरवायला हवं. म्हणजे मागचं दार होतं आणि दारावर माणूसही होता. २००९ च्या कायद्याने दंडाची काठी टाकून दिली, दार काढून टाकलं, आणि दारावरच्या माणसालाही घरी पाठवलं.

आता जरा मागे जाऊ. कारण आईबापाचा हक्क की मुलाचा, हे भांडण आपल्या महाराष्ट्रात फार जुनं आहे.

जोतीराव फुल्यांची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्यातला एक प्रसंग घाईने वाचून पुढे जातो. गोविंदरावांनी जोतीला शाळेत घातलं आणि लोकांच्या सांगण्यावरून काढूनही घेतलं. माळ्याच्या पोराला अक्षरं कशाला, असं कानाशी लागलेल्यांनी सांगितलं आणि बापाने ऐकलं. बापाचा हक्कच तो! पोरगा मळ्यात काम करू लागला. मग शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ, या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला, स्कॉटिश मिशनच्या. गफार बेगांचं नाव घेताना मला बरं वाटतं, हे लपवत नाही. पण खरी गोष्ट अशी की, त्या दिवशी दोन परक्या माणसांनी एका बापाच्या हक्कात ढवळाढवळ केली, म्हणून आपल्याला महात्मा फुले मिळाले.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोग आला. फुल्यांनी त्याला निवेदन दिलं आणि मागितलं काय? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाळेतून काढला गेलेला मुलगा सक्ती मागत होता.

त्याच आयोगापुढे पुण्यात आणखी एक साक्ष झाली. साक्षीदार बाई होत्या, पंडिता रमाबाई. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष घेतला, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड नेलं. त्या आईने लेकीला शिकवलं. आईबाप दुष्काळात गेले, आणि ती लेक कलकत्त्याला गेली तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. घरच्या शिक्षणाचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. आज घरशाळेची बाजू मांडणाऱ्यांनी हे नाव आधी घ्यायला हवं. पण या बाईंनी आयोगापुढे काय मागितलं? मुलींसाठी शिकलेल्या शिक्षिका हव्यात, शाळा तपासायला बायका हव्यात. आपल्या आईसारखी आई प्रत्येकीला मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या रमाबाई, रानडे. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच अक्षरओळख करून दिली. त्यांच्या आठवणींचं पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना घरातल्या बायकांची टोचून बोलणी आठवत असतील. घर म्हणजे प्रेमळ शाळा, असं आज आपण सहज म्हणतो. त्या घरात शिकवणारा एक होता आणि पाटी हिसकावणारे चार. याच रमाबाई पुढे पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी उभ्या राहिल्या. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा पैसा पुरत नाही, आधी मुलगे, मुलींचं मग पाहू, असं म्हणणारे फार मोठमोठे लोक होते. विठ्ठल रामजी शिंदे आणि इतर मंडळी त्याविरुद्ध उठली, बायका रस्त्यावर आल्या.

सक्तीची सुरुवात मात्र ब्रिटिश मुलखात झालीच नव्हती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात ती करून पाहिली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लागू केली. तिकडे बोट दाखवूनच गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात आपलं विधेयक मांडलं. ते फार मवाळ विधेयक होतं. सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही सरकारची परवानगी घेऊन एखाद्या स्थानिक संस्थेने ठरवलं तर. मुलींचं नंतर. तरी १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बाजूने मत देणाऱ्या तेरांत मुंबईचे एक तरुण बॅरिस्टर होते, महंमद अली जीना. काळ कुणाला कुठे नेतो!

गोखल्यांना जमलं नाही, ते कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलं. पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराला घाम फुटावा अशी रक्कम. पोर गुरं राखून जे चार पैसे आणतं, ते बुडतात आणि वर दंड. कष्टकरी बापाचं दुखणं खोटं नव्हतं. पण महाराजांनी ते दुखणं आणि मुलाचं आयुष्य एकाच तराजूत घातलं आणि मुलाकडचं पारडं खाली जाऊ दिलं.

आता आपा.

साल १९७० च्या आसपासचं. मी तान्हा होतो, म्हणजे हे सगळं ऐकून माहीत. आपा नगरपालिकेच्या शाळेत चौथी पास झाली. पुढची शाळा लांब, रस्त्यावर ट्रकांची वर्दळ, मुलगी मोठी होत चाललेली. अब्बांनी अम्मीला सांगितलं, "घरीच शिकवू तिला." ते खोटं बोलत नव्हते. अब्बा हिशेबाचे पक्के, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी एक वही आणली, महिनाभर रोज मगरीबच्या नमाजनंतर तिला बसवलं. त्रैराशिकापर्यंत आले. मग दुकानात कामाचा हंगाम सुरू झाला, मग मी आजारी पडलो, मग वही कपाटावर गेली. कुराण शरीफ तिने मोहल्ल्यातल्या एका बाईंकडे पूर्ण केलं, ते मात्र सुटलं नाही. मुंबई राज्याचा १९४७ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा तेव्हा होताच. त्यात सक्ती होती, आईबापाला दंडही होता. पण आमच्या दारावर ही मुलगी कुठे गेली म्हणून विचारायला कोणी आलं नाही. कोणी गफार बेगही आला नाही, आणि आमच्या मोहल्ल्यात शहाण्या माणसांची वाण नव्हती.

मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा आपा माझी पुस्तकं वाचायची. सातवीपर्यंत माझ्याबरोबर वाचली, नंतर लग्न होऊन गेली. आजही मराठी वर्तमानपत्र ती माझ्या आधी संपवते. पण फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यात चौथी.

म्हणून घरी शिकवण्याचा हक्क म्हटलं की माझ्या मनात दोन चित्रं उभी राहतात आणि ती एकमेकांना पुसत नाहीत. एका बाजूला गंगामूळच्या रानातली आई. मुंबईची ती मुलगीही, जिने सातवीनंतर शाळा सोडली, घरी बसून संगणकाचं गणित केलं, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आपल्या आयआयटीचं दार तिच्यासाठी बंद होतं, कारण बारावीचा कागद नव्हता. हे वाचून मला लाज वाटली होती. दुसऱ्या बाजूला कपाटावरची वही.

जगातही एकमत नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर आहे. तिकडे गेलेली आपली काही मराठी कुटुंबंही त्या वाटेने जातात. जर्मनीत मूल शाळेत घालावंच लागतं, आणि २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही जर्मनीचं म्हणणं उचलून धरलं.

आपल्याकडे वाटा आहेत, पण त्या आडवाटा आहेत. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ २०१७ पासून आहे. पण दहावीपर्यंतच्या वर्षांत मूल कुठे आहे, काय शिकतं, हे विचारणारं कोणी नाही. ४ जुलै २०१५ ला राज्यात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली. वीटभट्टीवरचं मूल शाळाबाह्य आणि घरी बसून खगोलशास्त्र शिकणारं मूलही शाळाबाह्य. कागदावर दोघं एकच.

आणखी एक गोष्ट, ती माझ्या माणसांना आवडणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या बाहेर काढल्या. आमच्यातल्या काहींना तो विजय वाटला. मला नाही वाटला. संस्थेचा हक्क वाचला, पण तिथल्या पोराला गणित, भूगोल कोणी शिकवायचा, हे विचारण्याचा अधिकार कोणाकडे राहिला?

मार्च २०२० नंतर दीड-दोन वर्षं सगळ्यांचीच घरं शाळा झाली होती. तेव्हा आमच्या गल्लीत मी पाहिलं, घरात मोबाईल एक आणि मुलं तीन असली की तो मोबाईल बहुतेक वेळा कोणाच्या हातात असायचा. मुलीच्या नव्हे.

म्हणून मला वाटतं, दार असावं. कायद्यात लिहिलेलं असावं. पण दारावर माणूसही असावा. घरी शिकवायचं असेल त्याने तसं कळवावं, आणि वर्षातून एकदा कोणीतरी येऊन मुलाशी बोलावं. आईबापाशी नव्हे, मुलाशी, आणि एकटं बसवून.

त्या संध्याकाळी मी त्या जोडप्याला यातलं जमेल तेवढं सांगितलं. तेवढ्यात आपा तांदळाचं सूप घेऊनच बाहेर आली. तिने त्यांना वेळापत्रक विचारलं. कोण काय शिकवतं, सकाळी किती, दुपारी किती. त्या मुलीने फोनवर सुंदर रंगीत तक्ता काढून दाखवला. आपाने चष्मा लावून तो खालपर्यंत वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "छान आहे. पण बेटा, तुम्हाला कंटाळा आला तर?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. मग नवरा म्हणाला, "याचा विचार नाही केला, आपा."

"मग करा," ती म्हणाली आणि उरलेले तांदूळ निवडायला तिथेच बसली. मुलगा आता दर शनिवारी येतो. आपा असली की ती पण समोर बसते.