जांघेतली गाठ, पोटातली गाठ

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला उतरले की कोपरी. इथल्या एखाद्या घरात ‘उद्या टाटाला जायचंय’ एवढे म्हटले की शेजारी पुढचे विचारत नाहीत. लोकल पकडायची आणि परळ किंवा दादर गाठायचे.

परळचा आणि गाठींचा संबंध टाटा हॉस्पिटलच्याही आधीचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो मांडवीत ओळखला. काखेत, जांघेत मोठी दुखरी गाठ येई, म्हणून वर्तमानपत्रे त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे घरोघरी माहीत होतेच. प्लेगची गाठ काय किंवा अवधाण काय, दोन्ही म्हणजे सुजलेल्या लसीकाग्रंथीच. १८९९ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तिच्या शेजारीच टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे हॉस्पिटल सुरू झाले.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातली गाठ मात्र सहसा हाताला लागत नाही आणि दुखतही नाही.

हा रोग आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. त्याखालच्या थरात उतरला की त्याच्या पेशींना बारीक लसीकावाहिन्या सापडतात. त्या वाटेने पेशी आधी आतड्यालगतच्या ग्रंथींत अडकतात, मग रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने त्यांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंत पोहोचतात.

ही वाट कळायला रुग्णांनी मोठी किंमत मोजली. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स गुदाशयाचा कर्करोग खालच्या बाजूने काढत. त्यांच्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांत तो उलटला. दगावलेल्यांची शवविच्छेदने करून त्यांनी रोग कुठे कुठे मागे राहिला ते शोधले आणि १९०८ मध्ये पोटाकडूनही ग्रंथींसकट सगळे काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. १९३२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स या पॅथॉलॉजिस्टने गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग केले: आतड्याच्या भिंतीतच असलेला ‘ए’, भिंतीबाहेर गेलेला ‘बी’, ग्रंथींत पोहोचलेला ‘सी’.

परळला हे सूक्ष्मदर्शकाचे शास्त्र रुजवणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. वसंत खानोलकर. टाटाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी १९४१ पासून वाहिली. भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात.

या कामात आजही बोटांची नजर लागते. काढलेले आतडे फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मग त्याला लागून आलेली पिवळी चरबी चिमटीत चाचपत, पातळ कापत एकेक ग्रंथी वेचतात. काही डाळीच्या दाण्याहून लहान असतात. आकारावर विसंबता येत नाही: मोठी ग्रंथी नुसती सुजलेली निघते आणि बारकीत रोग सापडतो. म्हणून किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा दंडक आहे. ग्रंथी कमी सापडल्या तर चरबी पुन्हा चाचपायची. एक सुटली तर आजाराचा टप्पाच चुकीचा ठरू शकतो, आणि रुग्णाला याचा पत्ताही लागत नाही.

कोपरीला परतणाऱ्या रिपोर्टात ‘१४ पैकी २’ ग्रंथींत रोग असेल आणि तो दूरच्या अवयवांत गेलेला नसेल, तर तो तिसरा टप्पा धरतात आणि सहसा केमोथेरपी सुचवतात. ‘१४ पैकी ०’ असेल आणि धोक्याची इतर चिन्हे नसतील, तर बहुधा पुढच्या तपासण्यांच्या तारखा घेऊनच ठाण्याची गाडी पकडता येते.