किटली जळाली? नवी घेण्याआधी या गोष्टी तपासून घ्या

थंडी सुरू झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्यायला गरम पाणी लागतं, लेकराच्या दुधाची बाटली धुवायला उकळतं पाणी लागतं. पहाटे उठून गॅस पेटवण्यापेक्षा बटण दाबलं की काम होतं, म्हणून इलेक्ट्रिक किटली, म्हणजे दुकानात जिला केटल म्हणतात ती, आता गावागावात दिसते. पण दोन-तीन वर्षांत ती बंद पडते आणि मग घाईत बाजारातली पहिली दिसेल ती उचलली जाते. चुकीची वस्तू घेतली तर पैसे तर जातातच, शिवाय वीज आणि उकळतं पाणी एकाच भांड्यात असल्यानं जिवाचाही धोका असतो.

जुनी खरंच गेली का?

आधी दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. दिवाच लागत नसेल तर बिघाड वायरमध्ये किंवा खालच्या बेसमध्ये असू शकतो. तो कमी खर्चात दुरुस्त होतो. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तर बहुतेक वेळा कॉइल गेलेली असते. आजच्या किटल्यांत कॉइल बुडाच्या आत बंद असते, त्यामुळे ती बदलत बसण्यापेक्षा नवी घेणं परवडतं.

हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, करंट लागत असेल, तर त्या क्षणापासून किटली बंद. टेप गुंडाळून, चप्पल घालून वापरायची नाही. आणि नवी आणली की प्रश्न मिटला असंही नाही. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर उद्या नवी किटली बिघडल्यावर तोच धोका पुन्हा उभा राहतो.

किती वॅटची घ्यावी?

बाजारात जास्त करून 1500 वॅटच्या, दीड ते 1.8 लिटरच्या किटल्या मिळतात. चार-पाच माणसांच्या घराला ही पुरते. पूर्ण दाबानं वीज असेल तर 1 लिटर पाणी साधारण 4 मिनिटांत उकळतं.

पण गावात दाब पूर्ण असतोच असं नाही. 230 ऐवजी 180 व्होल्ट येत असतील तर 1500 वॅटची किटली 900 वॅटच्या आसपासच काम करते आणि त्याच पाण्याला 6 मिनिटं किंवा जास्त लागतात. अशा वेळी किटली खराब आहे असं समजून परत करायला जाऊ नका.

1500 वॅटची किटली साधारण साडेसहा अँपिअर करंट ओढते. घरातला छोट्या पिनचा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. म्हणून 16 अँपिअरचा मोठा सॉकेट असलेला बरा. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डावर किटली लावू नये, बोर्ड वितळतो. मोठी पिन कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घालू नये. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर ती चालवूच नये.

दुकानात हातात घेऊन काय पाहायचं?

- आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं अॅप मोफत मिळतं. त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूचा हे दिसतं. नाव जुळलं नाही तर किटली खाली ठेवा.
- आतलं भांडं स्टीलचं आहे का. वास येणारं पातळ प्लास्टिक नको. झाकणाची आतली बाजूही बघा; बाहेरून स्टील आणि झाकणाला आतून प्लास्टिक, असं पुष्कळदा असतं.
- पाणी उकळल्यावर आपोआप बंद होते का, आणि पाणी नसताना चालू केली तरी बंद होते का. दोन्ही सोयी खोक्यावर लिहिलेल्या असाव्यात.
- तोंड रुंद आहे का. हात आत जात नसेल तर घासता येत नाही.
- पकड आणि झाकण. हँडल हलत असेल, झाकण घट्ट बसत नसेल तर उकळतं पाणी हातावर यायला वेळ लागत नाही.
- पिन तीन टोकांची असावी. दोन पिनची धातूची किटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

वॉरंटी आणि बिल

कमी किमतीपेक्षा सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते आधी विचारा. एक वर्षाची वॉरंटी आहे, पण सेंटर दोनशे किलोमीटरवर असेल तर तिचा काही उपयोग नाही. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर जास्त पैसे मागता येत नाहीत. ऑनलाइन मागवली तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

गॅसपेक्षा स्वस्त पडते का?

1 लिटर पाणी उकळायला साधारण 0.1 युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरले तर 80 पैसे. तेवढ्याच पाण्याला गॅस 10 ते 12 ग्रॅम लागतो, 14.2 किलोची टाकी 900 रुपयांना धरली तर 65 ते 75 पैसे. म्हणजे फार मोठी बचत होते असं नाही. फायदा आहे तो वेळेचा, आणि पाणी उकळून भांडं जळत नाही याचा. रोज 4 लिटर उकळलं तर महिन्याला 12 युनिट वाढतात. ज्यांचा वापर 100 युनिटच्या काठावर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण 100 च्या पुढच्या युनिटला दर जास्त लागतो. अंघोळीचं पाणी तापवायला किटली नव्हेच.

नवी टिकवायची कशी?

बोअरच्या जड पाण्यानं बुडाला पांढरा थर धरतो. थर वाढला की पाणी उशिरा तापतं आणि कॉइलवर ताण येतो. पंधरा दिवसांतून एकदा अर्धी किटली पाणी, त्यात दोन लिंबांचा रस किंवा चमचाभर लिंबूसत्व घालून उकळावं, अर्धा तास ठेवून धुवावं. नंतर एकदा साधं पाणी उकळून फेकून द्यावं.

झाकण उघडं ठेवून पाणी उकळू नका. वाफ आतल्या पट्टीला लागते तेव्हाच किटली बंद होते. झाकण उघडं असेल तर वाफ बाहेर जाते आणि पाणी उकळतच राहतं. दूध आणि चहा त्यात करू नये. दूध बुडाला लागतं, उतू जाऊन बेसमध्ये शिरतं. धुताना किटली पाण्यात बुडवायची नाही, बेसला तर पाण्याचा थेंबही नको.

ठेवायची जागाही महत्त्वाची. वायर ओट्याखाली लोंबकळत असेल तर रांगतं लेकरू ती ओढतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं. वायर गुंडाळून किटली भिंतीच्या बाजूला ठेवा, पाणी ओतून झालं की बटण बंद करून पिन काढा.