मागे घेतलेले पाऊल आणि इतिहासाची भाषा

ठरलेल्या कृतीच्या ऐन तोंडाशी एखाद्याचे धैर्य गळाले, तर इंग्रजीत त्याचे ‘पाय गार पडले’ असे म्हणतात. स्टीफन क्रेन याच्या ‘मॅगी’ या कादंबरीच्या १८९६ च्या आवृत्तीत हा प्रयोग आढळतो. मराठीत या अनुभवाची दोन रूपे आहेत. ‘अवसान गळणे’, ‘हातपाय गार पडणे’ हे प्रयोग माणसाची अवस्था सांगतात. ‘कच खाणे’, ‘पाऊल मागे घेणे’ हे त्याच्या वर्तनाचा निवाडा करतात. पहिल्या रूपात अनुभवणारा बोलतो, दुसऱ्यात पाहणारा.

पाऊल हे पाहणाऱ्यासाठी उमटलेले चिन्ह आहे, ही जाणीव या भूमीत जुनी आहे. वैनगंगेकाठच्या पवनीत सापडलेल्या आणि वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या, भार वंशीय राजा भगदत्ताच्या प्राकृत शिलालेखात पादुकापट्टाच्या स्थापनेची नोंद आहे. तेथे पाऊल म्हणजे दगडात स्थिर झालेली उपस्थिती. या लेखापासून आजच्या वाक्प्रचारांपर्यंत सरळ रेषा ओढता येणार नाही. मात्र रोवलेल्या पावलाची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितका मागे घेतलेल्या पावलाचा कलंक गडद, एवढे म्हणता येते.

पवनीचा प्रदेश पुढे ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यांच्या इतिहासात याचे प्रत्यंतर येते. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीवर लढाई झाली. पराभवानंतर अप्पासाहेबांनी ही लढाई आपल्या संमतीवाचून झाल्याची भूमिका घेतली आणि १६ डिसेंबरला ते रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाले. त्यांचे सैन्य मात्र त्यानंतरही लढत राहिले. नागपूर शहरातील अरब शिपायांनी तर महिनाअखेरपर्यंत ठाणे सोडले नाही. येथे ‘अप्पासाहेबांनी कच खाल्ली’ हे वाक्य निवेदकाच्या लेखणीतून सहज उतरते.

परंतु कथा येथे संपत नाही. १८१८ मध्ये कैदेतून निसटून अप्पासाहेबांनी महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या साहाय्याने पुन्हा संघर्ष मांडला. १८४० मध्ये जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. डिसेंबरमध्ये मागे आलेले पाऊल मेमध्ये पुढे पडले, हे ‘कच खाणे’ या शब्दांत मावत नाही. ते भय होते, डावपेच होता, की दोहोंचे मिश्रण, याचा शोध पुराव्यांतून घ्यावयाचा असतो. वाक्प्रचार मात्र शोधापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो. इतिहासाचे निवेदन वाचताना घटनांइतकीच क्रियापदांची चिकित्सा आवश्यक ठरते, ती यासाठीच.