विखंडन, दारूगोळ्याचे
तोफगोळा, बाँब वा हातगोळा यांतील स्फोटकाचा स्फोट झाला म्हणजे धातूचे कवच प्रथम प्रसरण पावते, मग फुटते व त्याचे तुकडे अतिशय वेगाने चोहीकडे फेकले जातात. या क्रियेस विखंडन म्हणतात.

ब्रिटिश तोफखान्यातील हेन्‍री श्रॅप्‌नेल याने १७८४ च्या सुमारास पोकळ गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरण्याची कल्पना मांडली व १८०३ मध्ये ती ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. पुढे उच्चस्फोटके प्रचारात आल्यावर कवचाचे तुकडेच मारक ठरले. कवच कसे फुटते, याचे गणित मात्र दुसऱ्या महायुद्धात मांडले गेले. १९४३ मध्ये इंग्‍लंडमध्ये नेव्हिल मॉट यांनी तुकड्यांच्या वस्तुमानांच्या वाटपाचे सूत्र मांडले. कवच ताणले जात असता त्यावर यदृच्छया तडे जातात. प्रत्येक तड्यालगतचा ताण ओसरतो व तेथे नवा तडा पडत नाही, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी अमेरिकेत रॉनल्ड गर्नी यांनी तुकड्यांचा आरंभीचा वेग हा स्फोटक व धातू यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, असे दाखविले.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली असून तोफगोळे, बाँब इत्यादींचे अभिकल्प तेथे होतात.

पहिल्या महायुद्धकालीन मिल्स हातगोळ्यापासून निघालेला ३६ क्रमांकाचा हातगोळा भारतीय सैन्यात दीर्घकाळ वापरात होता. त्याच्या ओतीव लोखंडी कवचावरील खाचांमुळे एकसारखे तुकडे होतात, हा समज चुकीचा आहे. ते अनियमितच होत. काही थोडे मोठे तुकडे फार दूर जात आणि फेकणाऱ्यालाही धोका पोहोचे. म्हणून चंडीगढच्या प्रयोगशाळेने पूर्वघटित, एकसारख्या तुकड्यांचा हातगोळा विकसित केला. तुकड्यांचे वेष्टन बसविल्यास तो बचावासाठी व काढल्यास चढाईसाठी वापरता येतो. नागपूर येथील खाजगी कारखान्यात तयार झालेला त्याचा पहिला साठा २४ ऑगस्ट २०२१ रोजी तेथेच सैन्याच्या स्वाधीन करण्यात आला.

या संशोधनास कायद्याचीही मर्यादा आहे. १९८० च्या जिनीव्हा येथील कराराच्या पहिल्या पूरक मसुद्याने, ज्यांचा मुख्य परिणाम क्ष-किरणांनी शरीरात न दिसणाऱ्या तुकड्यांनी इजा करणे हा आहे, अशी शस्त्रे निषिद्ध ठरविली; कारण असा तुकडा शल्यचिकित्सकाला शोधून काढता येत नाही. भारत या करारात सहभागी आहे.