घामाचे हात आणि कोरडी मॅट

मागच्या जूनमधली गोष्ट. ठाण्यातला पावसाआधीचा उकाडा, आणि मी अधोमुख श्वानासनात. तिसऱ्याच सूर्यनमस्काराला तळहात सर्रकन पुढे गेले आणि उजवं मनगट मुरगळलं. तीन आठवडे पट्टी! मॅट चांगली महागाची, वेष्टनावर ठसठशीत 'नॉन-स्लिप' लिहिलेली. आईने शांतपणे विचारलं, "बाबा इतकी वर्षं सतरंजीवर करायचे, ते कधी घसरले का रे?"

नव्हते घसरले. मग मनगट बांधून बसल्या बसल्या या मॅटचं मूळ शोधत गेलो.

आसनाखाली काय घालावं हा प्रश्न तसा जुनाच. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, अजिन आणि वस्त्र सांगितलंय. पण ते ध्यानाला बसण्यासाठी, तिथे घसरायचा प्रश्न येतोच कुठे? पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका मात्र घामाबद्दल बोलते. प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळावा, असा तिचा सल्ला. टॉवेलचं नाव नाही!

उभ्याने करायची आसनं, उड्या मारत केलेले सूर्यनमस्कार यांना आजचं रूप आलं ते १९३० च्या दशकात, म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवणाऱ्या कृष्णम्माचार्यांमुळे. त्यांचे एक शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते कायमचेच. त्यांच्या 'लाइट ऑन योगा'त (१९६६) सपाट जमिनीवर ब्लँकेटची घडी घाला एवढंच सांगितलंय. मॅट हा प्रकार तोवर नव्हताच.

तो आला अय्यंगारांच्याच एका शिष्येमुळे. अँजेला फार्मर या इंग्लंडच्या. लहानपणीच्या एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या हातापायांना घामच येत नसे, त्यामुळे जमिनीवर पकड मिळेना. १९८० च्या दशकात जर्मनीत शिकवत असताना त्यांना गालिच्याखाली घालायचं चिकट अस्तर सापडलं. त्याचा तुकडा कापून त्या त्यावर आसनं करू लागल्या. मग त्यांच्या वडिलांनी ते जर्मनीहून मागवून विकायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात अमेरिकेत खास योगासाठीच्या मॅट निघाल्या आणि पुढे जगभर पसरल्या.

गंमत बघा. ज्या वस्तूचा जन्म घाम न येणाऱ्या हातापायांसाठी झाला, ती मी ठाण्याच्या जूनमध्ये वापरत होतो!

पीव्हीसीची मॅट पाणी शोषत नाही, म्हणूनच ती पुसायला सोपी. पण त्याचमुळे घामाचा थर तिच्यावर तसाच राहतो आणि हात त्या थरावरून घसरतो. कोरड्या हाताला चिकटणारी मॅट ओल्या हाताला निसरडी होते, ती अशी.

तिकडे म्हैसूरला कृष्णम्माचार्यांचे दुसरे शिष्य पट्टाभि जोइस यांची पद्धत म्हणजे घामाची आंघोळच. तिथली मंडळी मॅटवर सुती सतरंजी अंथरतात. सूत घाम पितं, आणि किंचित ओलं झालं की त्याची पकड वाढते. आईचा प्रश्न बरोबर होता म्हणायचा.

पण नुसती सतरंजी? करून पाहिली. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर ती माझ्यासकट सरकली. बाबांच्या वेळी खाली खरबरीत शहाबादी फरशी होती, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

बाकीचे पर्यायही चाचपले. नैसर्गिक रबराची पकड ओल्यातही बरी राहते, पण ते जड, वासाचं, आणि उन्हात वाळत घातलं तर खराब होतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर नकोच. कॉर्क ओलं झाल्यावर चांगलं धरतं, पण कोरडं असताना पहिली काही मिनिटं पाण्याचा शिपका मारावा लागतो.

शेवटी काहीच विकत घेतलं नाही. खाली तीच महागाची मॅट, ती टाइल्सला घट्ट धरते. वर बाबांची सतरंजी, ती माझ्या हातांना धरते. दर दोन दिवसांनी धुवायची, एवढाच काय तो व्याप.

परवा दोरीवर वाळत घालताना लक्षात आलं, हात टेकायच्या जागी दोन्हीकडे सूत विरलंय. बाबांचे हात माझ्यापेक्षा चार बोटं अलीकडे पडायचे. असो. मनगट आता बरं आहे.