पायरीला गाव असतं

हिंगोलीत फरशीवाल्याच्या दुकानात पाय ठेवला की तो आधी गावांची नावं घेतो. "शहाबादी पाहिजे का कडप्पा? कोटा दाखवू?" साखऱ्याला, आमच्या गावी, जुनं माळवद उतरवून स्लॅबचं घर बांधायला काढलं, तेव्हा आतल्या जिन्यासाठी मीही अशीच गावं धुंडाळत फिरलो. फिरता फिरता ध्यानात आलं की या यादीत आमच्या मुलखातलं एकही गाव नाही. सेनगाव तालुक्यात दगडाला काय तोटा? नांगराच्या फाळाला दगड, विहिरीत सुरुंगाशिवाय न फुटणारा दगड, बांधावर रचलेला दगड. जिन्याला मात्र परगावचा.

जिना हा शब्दसुद्धा परगावचाच. फारसीत 'झीना' म्हणजे शिडी किंवा पायऱ्या. तो येण्याआधी आपल्याकडे निसण होती, संस्कृत 'निःश्रेणी' झिजत झिजत झालेली. कोकणपट्टीत दादर होता. सोपान पोथीत राहिला आणि ज्ञानदेवांच्या धाकट्या भावामुळे माणसांच्या नावात. आमच्याकडे गावात एखादा तरी सोपान सापडतोच. पायरी तेवढी खास घरची, पायाशी नातं सांगणारी. म्हणून माणूस पायरी ओळखून वागतो, चिडला की पायरी सोडतो, आणि शहाणा असेल तर कोर्टाची पायरी चढत नाही. जिना कुणी ओळखत नाही की सोडत नाही. उशिरा आलेल्या पाहुण्याला भाषेनं अजून ओसरीवरच बसवलंय.

आमच्या माळवदात जिना नव्हताच. सागाचे खांब, तुळया, त्यांवर किलचन आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वर मिरच्या, सांडगे, कुरड्या वाळत. वर जायला लाकडी शिडी, तीही रात्री आत घ्यायची. शिडीच्या मधल्या दोन दांड्या पायांनी इतक्या झिजल्या होत्या की अंधारात पाऊल आपोआप त्या खळग्यात बसायचं. गढीत किंवा मोठ्या वाड्यात खरा जिना असे, पण भिंतीच्या पोटात. एका वेळी एकच माणूस मावेल इतका अरुंद, काळोखा, गुडघ्याला गुडघा लागेल अशा उंच पायऱ्यांचा, आणि वरच्या तोंडाला लाकडी झडप. झडप पडली की वरचा मजला बंद. तो जिना चढण्याच्या सोयीपेक्षा दुसऱ्याला चढू न देण्यासाठी केलेला असे. घरात शिरल्यावर पाहुण्याला पहिल्यांदा जिनाच दिसला पाहिजे, ही हौस फार अलीकडची.

घरचा दगड जिन्यात का आला नाही, याचं उत्तर जमिनीत आहे. आमच्या पायाखालचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात, त्यामुळे तो ढेकळासारखा ठोकळ्यांत फुटतो. वीतभर जाड चिरा निघेल, पण दोन बोटं जाडीची सपाट फरशी पहारीनं कधी निघणार नाही. देवळाला, बारवेला, घाटाला हा दगड उत्तम. तिथे पायरी म्हणजे अख्खा चिराच. औंढ्या नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना याची खूण पटते. लिंग खाली तळघरात, वाट अंगावर येईल इतकी चिंचोळी, वाकून उतरावं लागतं. हाताला ओलसर दगड लागतो आणि पायाखालची पायरी लाखो अनवाणी पायांनी घोटून काचेसारखी झालेली असते.

आणि आमच्या जिल्ह्याच्या माणसाची सगळ्यांत प्रसिद्ध पायरी तर जिल्ह्यात नाहीच. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, त्यांची पायरी पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली असं परंपरा सांगते, आणि वारकरी मात्र तिच्यावर पाय ठेवत नाही, माथा ठेवतो.

घरगुती पायरीची कुळकथा खरी सुरू होते ती लाव्ह्याची चादर जिथे संपते तिथे. दक्षिणेला भीमेच्या खोऱ्यात काळा दगड विरळ होत जातो आणि त्याच्या खालचा कितीतरी पटींनी जुना चुनखडीचा दगड उघडा पडतो. हा पाण्याखाली थरावर थर साचून झालेला, पोथीच्या पानांसारखा. पहार घातली की पान सुटतं. ते पान म्हणजे शहाबादी फरशी. 'फर्श' म्हणजे अंथरलेलं, तेव्हा शब्दही चपखल. तिला दूरवर जायला रेल्वेची वाट होती: शहाबाद मुंबई-रायचूर रेल्वेवर. तो मार्ग १८७१ साली पुरा झाला. मनमाडहून नांदेडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास आली. शहाबाद आणि हिंगोली, दोन्ही तेव्हा निजामाच्याच मुलखात. मुंबईकर ज्याला लादी म्हणतात, त्याला मराठवाड्यात आजही फरशीच म्हणतात, आणि जुन्या माणसांच्या लेखी फरशी म्हणजे शहाबादीच.

याच पट्ट्यातली चुनखडी भाजून वाडी-शहाबादला सिमेंट होतं. म्हणजे पायरीवरची फरशी आणि तिच्याखालचा माल, दोघं सख्खे. सिमेंटलाही गाव आहेच: १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिननं पेटंट घेतलं, तेव्हा आपला माल पोर्टलंडच्या खाणीतल्या दगडासारखा दिसतो म्हणून त्यानं त्याला पोर्टलंड नाव दिलं.

सिमेंट खेड्यात हळूहळू शिरत होतं, पण त्याला जोर आला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर. किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण त्यानंतर माळवदाखाली निर्धास्त झोप कुणाला लागली नाही. २०२४ च्या जुलैत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा आमची आजी पहिल्यांदा म्हणाली, "आता उतरवा बाबा हे." माळवद गेलं की स्लॅब येतो. स्लॅबवर हळद, सोयाबीन वाळवायची तर पोतं घेऊन चढावं लागतं, आणि पोतं खांद्यावर घेऊन शिडी चढवत नाही. आमच्या घरात जिना आला तो असा, हळदीच्या पोत्यामागून.

आता दगड निवडायचा. कडप्पा काळाभोर, स्वस्त. आंध्रातल्या कडपा जिल्ह्याच्या नावाचा. तेलुगूत 'गडप' म्हणजे उंबरठा, तिरुमलाच्या वाटेवरचा उंबरठा म्हणून त्या गावाला हे नाव पडलं म्हणतात. उंबरठा नावाच्या गावाचा दगड आपण स्वयंपाकाच्या ओट्याला आणि पायरीला लावतो! कोटा राजस्थानातला, रामगंजमंडीकडचा, हिरवट-निळसर किंवा तपकिरी. शहाबादी, कडप्पा, कोटा ही तीन टोकांची तीन गावं, पण तिन्ही दगड चुनखडीचेच. परीक्षा सोपी: लिंबू पिळा. डाग पांढरट पडून चकाकी गेली तर चुनखडी. संडास धुण्याचं ॲसिड ज्या घरात फरशीवरही ओततात, त्यांनी या तिघांचा नाद सोडावा.

ग्रॅनाइटला लिंबानं काही होत नाही. दुकानदार सगळ्यात महागाचा म्हणून 'ब्लॅक गॅलेक्सी' पुढे करतो, काळ्यावर सोनेरी कण. हा आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. त्याला गावाचं नाव पुरलं नाही, थेट आकाशगंगाच लागली. गंमत म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ग्रॅनाइट म्हणतच नाहीत, गॅब्रो म्हणतात. गॅब्रो म्हणजे आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद. तोच रस, फक्त जमिनीवर न येता खोल आत सावकाश थिजलेला. बांधावर जो फुकट पडलाय त्याचाच चुलतभाऊ चौरस फुटाच्या भावानं विकत घ्यायचा.

पण माझ्या मते दगडापेक्षा त्याच्या पाठीवर काय केलं हे महत्त्वाचं. पूर्वी दारावर हाळी यायची, "टाकी लावायची का टाकी!" पाटा, जातं गुळगुळीत झालं की छिन्नीनं ठोके मारून ते पुन्हा खरबरीत करून घ्यायचं. दगडी पायरीलाही हाच उपाय. मग घोटाईचं मशीन आलं आणि खरबरीतपणा गावंढळ ठरला. मी स्वतः आरशासारख्या पॉलिशच्या जिन्यावरून, एका नातेवाइकांकडे, ओल्या पायांनी चार पायऱ्या बसून उतरलोय. महिनाभर कंबर धरून होतो. आता दुकानात 'लेदर फिनिश' मिळतं, आधी घोटून मग ब्रशनं पुन्हा खडबडीत केलेलं. 'फ्लेम फिनिश' तर ग्रॅनाइटला आगीचा झोत देऊन वरचे स्फटिक उडवून करतात. टाकीवाला जे पायलीभर दाण्यावर करून द्यायचा, त्याचं आता वेगळं बिल लागतं.

आम्ही बिनपॉलिशचा कोटा घेतला, कडेला दोन खाचा पाडून. व्हिट्रिफाइड टाइल बायकोनं नाकारली: कड उडाली की खालची पांढरी माती दिसते, म्हणाली.

राहिलं माप. साडेसात इंच उंची, दहा इंच पाट, मिस्त्री बोटांवर सांगत होता. राष्ट्रीय इमारत संहिताही घरगुती जिन्याला १९० मिलिमीटरपेक्षा जास्त उंची आणि २५० पेक्षा कमी पाट चालवून घेत नाही, म्हणजे जवळपास तेच. फ्रान्सच्या ब्लाँडेल नावाच्या वास्तुकारानं सतराव्या शतकात मांडलेलं सूत्र, दोन उंच्या अधिक एक पाट म्हणजे एक पाऊल, आमच्या मिस्त्रीनं ऐकलेलं नाही. त्याचं पाऊल पंचवीस इंचांवर येतं, ब्लाँडेलचंही जवळपास तिथेच.

आजीची मात्र वेगळी अट. "पायऱ्या विषमच पाहिजे. उजवा पाय टाकून चढलं तं वरबी उजवाच पडला पाहिजे." सेंट्रिंगमध्ये सोळा ओतलेल्या. मिस्त्री हसला. सगळ्यात खालची पायरी ओततच नाहीत, ती फरशी झाल्यावर जमिनीवर बांधतात.

ती बांधायला त्यानं विटा मागितल्या नाहीत. जुन्या घराच्या दारापुढचा काळा चिरा अंगणात पालथा पडला होता. तो दोघांनी ढकलत आत आणला, साडेसात इंचांना उतरवायला पाथरवटाचा अख्खा दिवस गेला. वरची बाजू त्यानं घोटली नाही, टाकीच लावली.