आगबोटीची सहल : कुठली बोट बरी?



बारामतीच्या एमआयडीसीत काम करणारे माझे एक शेजारी आहेत. परवा ते हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन घरी आले. म्हणाले, "सर, मुंबईहून गोव्याला मोठ्या बोटीची सहल निघते म्हणतात. आई आहे, बायको आहे, दोन पोरं आहेत. आमच्यापैकी कुणी समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेलं नाही. कुठली बोट बरी, तेवढं सांगा."

इतिहासाच्या मास्तराला लोक सनावळी विचारतात, बोट विचारत नाहीत. पण मला वाटलं, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात काही नवा नाही. कोकणातल्या तीन-चार पिढ्यांनी तो दर शिमग्याला आणि दर मे महिन्यात स्वतःला विचारलेला आहे. त्यांच्या अनुभवातून आजच्या माणसाला काही उपयोगी पडेल का, ते पाहावं म्हणून हे चार शब्द.

आता सहलीसाठी बोटीनं जाणं ही मूळची आपल्याकडची कल्पना नव्हे. 1835 साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांत आर्थर अँडरसन नावाच्या गृहस्थानं आपल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात छापली. आइसलंड आणि फॅरो बेटांकडे मौजेखातर जलपर्यटन, असा तिचा मथितार्थ. गंमत अशी की, अशी बोट नव्हतीच! जाहिरात निव्वळ कल्पनेतली होती. पण हाच अँडरसन पुढे पी. अँड ओ. या बलाढ्य कंपनीचा एक संस्थापक झाला, आणि 1844 मध्ये त्या कंपनीनं भूमध्य समुद्रात खरोखरच्या सहली सुरू केल्या. पुढे 1891 च्या जानेवारीत अल्बर्ट बालिन या जर्मन व्यवस्थापकानं 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट सहलीवर धाडली. त्याचा हिशेब साधा होता. थंडीत अटलांटिक ओलांडायला उतारू मिळत नाहीत, बोट बंदरात नुसती खर्च खात उभी राहते, तर तिला उन्हाच्या देशाकडे का नेऊ नये? बागायतदाराचा ट्रॅक्टर मोकळ्या दिवसांत भाड्यानं फिरतो, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे मात्र बोट ही गरजेची वस्तू होती. सह्याद्रीचे घाट, खाड्यांनी तोडलेली वाट, रस्ते नावापुरते. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली ती 1998 मध्ये. त्याआधी मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी गावी जायचा तो भाऊच्या धक्क्यावरून, आगबोटीनं. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत जात. चंपावती, चंद्रावती, रोहिणी ही बोटींची नावं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही लेकीसुनांच्या नावांसारखी येतात. गोवा मुक्त झाल्यावर 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' या बोटी मुंबई-पणजी मार्गावर धावल्या. सकाळी मुंबईहून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही नित्याची वाहतूक बंद पडली.

माझ्या सासूबाईंचं माहेर दापोली तालुक्यातलं. लहानपणी त्या या बोटीनं पुष्कळ वेळा गेल्या-आल्या. त्यांना विचारलं, "तेव्हा तुम्ही बोट कशी निवडत होता?" त्या हसल्या. "निवडायचं कसलं? बोट एकच. निवडायची ती जागा!" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात मिळणार नाही.

घरातला एक धट्टाकट्टा माणूस तीन-चार तास आधी धक्क्यावर जायचा आणि डेकवर सतरंजी अंथरून जागा धरायचा. जागा कुठली? बोटीच्या मधोमध. टोकाला नाही, आणि फार वरही नाही. मुलांच्या झोक्याची फळी असते ना, तिच्या टोकाला बसलेलं पोर आभाळात जातं, मध्ये बसलेलं जागच्या जागी राहतं. बोटीचंही तेच. लाटांवर नाळ आणि मागची बाजू वरखाली होतात, मध्य त्या मानानं स्थिर राहतो. "बोट लागणं" हा शब्द ज्यांनी घडवला त्या माणसांना हे कुणी पदार्थविज्ञान शिकवलेलं नव्हतं. बोट लागू नये म्हणून निघताना हलकं जेवायचं, जवळ लिंबू ठेवायचं, आणि मळमळू लागलं की पायाशी न बघता दूर क्षितिजाकडे बघायचं. आजच्या मोठ्या जहाजावर खोली घेतानाही हाच नियम चालतो. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, बिनखिडकीची खोली बहुधा स्वस्त असते आणि हलतेही कमी. वरच्या मजल्यावरच्या सज्जाचे जादा पैसे मोजून नवखा माणूस पुष्कळदा जादा हेलकावे विकत घेतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती उतरण्याची. हर्णैला बोट काठाला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राहायची, पडाव तिच्या अंगाला यायचा, आणि लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी माणसाला हात धरून आत घ्यायचे. तान्ही मुलं या हातातून त्या हातात जायची. "मुंबई ते हर्णै मला कधी भीती वाटली नाही," त्या म्हणाल्या, "ती शेवटच्या दहा पावलांची." आजही म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा, की चढायचं कसं आणि उतरायचं कसं? जहाज धक्क्याला लागतं, की वाटेत लहान होडीत बदली व्हावं लागतं?

तिसरी गोष्ट ऋतूची. मिरगाच्या आधी बोटी बंद व्हायच्या आणि पावसाळा ओसरला की पुन्हा सुरू. पण मुंबईच्या आसपासची थोड्या अंतराची वाहतूक पावसाळ्यातही चालू राही. आणि इथंच आपल्याला 1947 च्या जुलै महिन्यात जावं लागतं.

'रामदास' ही बोट 1936 साली इंग्लंडात बांधलेली. 'माझी आगबोट कंपनी' म्हणून लोक जिला ओळखत, त्या स्वदेशी कंपनीकडे ती आली होती. संतांचं नाव बोटीला, कंपनी आपल्या माणसांची. विश्वासाला आणखी काय हवं? 17 जुलै 1947, गुरुवार, आषाढी अमावास्या. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर आलेलं. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसला निघाली. वाट जेमतेम दीड तासाची. सणाला घरी निघालेली माणसं, बायका, मुलं. पाऊस होताच, पुढे वारा वाढला, लाटा आत येऊ लागल्या, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सुमारे 625 माणसं बुडाली.

माझ्या मनात सगळ्यात जास्त सलते ती त्यानंतरची गोष्ट. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. सकाळी बोट बुडाली आणि दिवस कलला तरी मुंबईला पत्ता नाही. जी माणसं वाचली त्यांतली बरीचशी वाचली ती मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांमुळे. पुढे प्रवासी बोटींवरच्या बिनतारी यंत्राचे आणि पावसाळ्यातल्या वाहतुकीचे नियम कडक झाले. याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वीस वर्षं आधी, 1927 च्या नोव्हेंबरात, एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तेव्हाही लोक हळहळले आणि पुन्हा धक्क्यावर रांगेत उभे राहिले. दोष त्यांना कसा द्यायचा? त्यांना दुसरी वाट नव्हती. आपल्याला आहे. सहलीला जाणाऱ्यानं हवा बरी नसेल तर माघारी फिरावं. भाड्याचे पैसे गेले तर गेले.

जगातले समुद्रावरचे बहुतेक नियम असेच माणसं गेल्यावर आले. जुनाट जहाजात वाटेल तेवढा माल कोंबायचा आणि बुडालं तर विम्याचे पैसे घ्यायचे, हा धंदा बोकाळला तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटात सॅम्युएल प्लिमसॉल नावाचा सभासद त्याविरुद्ध भांडला, आणि 1876 च्या कायद्यानं जहाजाच्या अंगावर भाराची खूण आली. पाणी त्या रेघेच्या वर चढलं की माल जास्त झाला, हे धक्क्यावरच्या हमालालाही कळावं! 1912 साली 'टायटॅनिक' बुडाली, तिच्यावर 2200 च्या आसपास माणसं आणि होड्यांत जागा 1178 जणांना. त्यातून 1914 चा आंतरराष्ट्रीय करार झाला. अलीकडे 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे सहलीचं जहाज खडकावर आपटलं आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंची संकटकाळची कवायत अजून व्हायची होती. म्हणून आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी ती कवायत घ्यावी लागते. आपल्या मंडळींना तेवढ्या वेळात फोटो काढायचे असतात. शिक्षकांनी तरी मुलांना ओळीत उभं करून ती पुरी पाहावी.

आता शेजाऱ्यांच्या माहितीपत्रकाकडे येऊ. मुंबई-गोवा बोट 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' या नावानं पुन्हा सुरू झाली होती. कोविडच्या साथीत ती थांबली. 2021 च्या सप्टेंबरापासून 'कॉर्डेलिया'चं 'एम्प्रेस' हे मोठं जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सहली करू लागलं. 1990 साली बांधलेलं हे जहाज. मजल्यावर मजले, जेवणघरं, पोहण्याचा तलाव. 2022 च्या जूनमध्ये, आपल्याकडे मोसमी वारे सुरू होताना, ते चेन्नईकडे नेण्यात आलं. म्हणजे एवढ्या मोठ्या जहाजालाही मिरग चुकला नाही! तेव्हा नवख्या कुटुंबानं पावसाळा टाळून, दिवाळी उलटल्यावर ते फाल्गुनापर्यंतचा काळ धरावा. पहिली सहल दोन रात्रींपेक्षा मोठी नको. आठ दिवसांची घेतली आणि पहिल्याच रात्री आईला बोट लागली तर समुद्रात एसटीसारखी घंटा मारून उतरता येत नाही. तिकिटाच्या आकड्यात बंदराचा आकार, बक्षिसी, किनाऱ्यावरची फेरी धरली आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं. शाकाहारी जेवण मिळतं, पण आईला चालेल असं मऊ, कमी तिखट मिळेल का, तेही विचारावं, लाजू नये. देशातल्या देशात जायला ओळखपत्र पुरतं, श्रीलंकेसारखं परकं बंदर घेणार असाल तर पासपोर्ट लागतो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, गोव्याच्या आधी भिगवणला चला. बारामतीहून पंचवीस-तीस किलोमीटरवर उजनीचा फुगवटा आहे. भीमेवरचं हे धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि इंदापूर-करमाळ्याच्या दुष्काळी माळाला जणू समुद्र येऊन भिडला. थंडीत रोहित पक्षी पाहायला कुंभारगाव, डिकसळला होड्या निघतात. तासाभरात कळतं की आईला पाणी सोसतं का आणि पोरं जागेवर बसतात का.

पण तिथंही डोळे उघडे हवेत. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली. सातजण होते. एकजण पोहत काठाला लागला, सहाजण गेले. त्यांत दोन लहान मुलं. आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवरची ही गोष्ट आहे. आणि 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात, घारापुरीला निघालेल्या उतारूंच्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेट बाकाखाली असून उपयोग नसतो. ते अंगात, बंद बांधलेलं हवं, आणि पोराला पोराच्या मापाचं. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटून जातं. नावाड्याला विचारावं, परवाना किती माणसांचा? तो "बसा हो, होतंय" म्हणाला, तर बसू नये. देशातल्या नद्या-जलाशयांतल्या नौकांसाठी 1917 चा जुना कायदा होता, त्याच्या जागी 2021 चा नवा आला. नोंदणी आणि तपासणी त्यात आहेच. पण पाटीवरचा आकडा आणि होडीतली डोकी मोजणारा शेवटी काठावरचा माणूसच असतो. वीस-पंचवीस पोरांची सहल घेऊन जाणाऱ्या गुरुजींनी तर हा हिशेब चारचौघांत, मोठ्यानं करावा.

उजनीनंतरची पायरी म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. 2020 च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. मोटार थेट पोटात घेते, त्यामुळे आजींना पडावात उड्या माराव्या लागत नाहीत. तासाभराची वाट, आणि 'रामदास' ज्या पाण्यातून रेवसला निघाली होती तेच हे पाणी.

शेजाऱ्यांनी माहितीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांच्या आई इतका वेळ दाराशी बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "त्या होडीत आमच्याशेजारी कोण बसणार?" सासूबाई म्हणाल्या, "मी बसेन की!" येत्या रविवारी दोन्ही घरं भिगवणला निघाली आहेत. लिंबं पिशवीत टाकायचं काम माझ्याकडे आलं आहे.